आर्ग्यू करू नकोस!



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जपमाळेनंतर दहावीतली एक मुलगी आमच्या ऑफिसात आली. तिच्या शाळेत इंग्रजी डिबेटची स्पर्धा होती आणि तिला मुद्दे काढून हवे होते. अर्ध्या तासात आम्ही दोघांनी मिळून पानभर मुद्दे काढले. वही मिटून ती निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "फादर, एक विचारू? घरी मम्मी सारखी म्हणते, आर्ग्यू करू नकोस. शाळेत टीचर म्हणतात, डिबेट कर, बक्षीस मिळेल. मग दोघांत फरक काय?"

आम्ही वेळ मारून नेली. डिबेटमध्ये घंटा वाजली की गप्प बसावे लागते, घरी तू बसत नाहीस, एवढाच फरक, असे काहीतरी बोललो. ती हसली आणि गेली. प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला.

त्याच आठवड्यात एक आजी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. आजींना इंग्रजी येत नाही. पण बोलता बोलता म्हणाल्या, "आमची वाडी डिस्प्यूटमध्ये आहे, फादर." तलाठ्याच्या कचेरीतून, वकिलाच्या टेबलावरून आणि बिल्डरच्या माणसांकडून हा शब्द आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. एकटा तोच नव्हे. सिनेमात काम मिळेल या आशेने मुंबईत खोली घेऊन राहणारा मुलगा 'स्ट्रगल' करत असतो. आपल्या पॅरिश कौन्सिलमध्ये 'डिस्कशन' होते. नवराबायकोत 'आर्ग्युमेंट' होते. भांडणाचे आणि झगडण्याचे इतके परके शब्द आपण घरात घेतले आहेत की त्यांची कुळी एकदा विचारायला हवी, असे आम्हाला वाटले. पुण्याला सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना फूटपाथवरून घेतलेला एक जाडजूड इंग्रजी व्युत्पत्तिकोश आमच्या कपाटात आहे. त्या रात्री तो खाली काढला.

पहिला धक्का 'डिबेट'नेच दिला. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'मारणे, बडवणे' असे क्रियापद आहे. लढाईला इंग्रजीत 'बॅटल' म्हणतात, त्याचे आणि डिबेटचे मूळ एकच. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत डिबेट म्हणजे चक्क मारामारी किंवा भांडण. म्हणजे ज्यासाठी शाळा बक्षीस देते, तो शब्द जन्माने काठी घेतलेला निघाला!

'डिस्कस' तरी सभ्य असेल म्हणून ते पान उघडले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आपटून, हलवून, झटकून वेगळे करणे. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसतो त्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात, आणि तबल्याढोलकीसारख्या बडवायच्या वाद्यांना 'पर्कशन' म्हणतात. डिस्कशन त्याच घरातले. गव्हाचे ओंबे झोडपून दाणे वेगळे करावेत तसे प्रश्न झोडपून आतले काढणे, असा अर्थ पुढे त्याला आला. आमच्या कौन्सिलच्या काही बैठका आठवल्या आणि शब्द अगदी चपखल वाटला. आपल्या 'चर्चा' या शब्दाला मात्र दुसराच वास आहे. संस्कृतात चर्चा म्हणजे एखादा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारणे, विचार करणे, आणि अंगाला चंदनाची उटी लावणेसुद्धा. चंदनचर्चित म्हणतात ते त्यातूनच. (चर्चा आणि चर्च यांचे नाते नाही. विचारणारे विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.)

मग 'आर्ग्यू'. आई ज्याला बंदी घालते तो शब्द. लॅटिनमध्ये या क्रियापदाचा अर्थ आहे स्पष्ट करणे, उघड करणे, सिद्ध करणे, आणि म्हणून दोष दाखवणे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ 'चमकणे, शुभ्र असणे' या अर्थाच्या प्राचीन धातूपर्यंत नेतात. चांदीला लॅटिनमध्ये जे नाव आहे ते त्याच धातूपासून, आणि आपल्या संस्कृतातले 'रजत' व 'अर्जुन' हे शब्दही त्याच घराण्यातले. अर्जुन म्हणजे पांढरा, लखलखीत. अर्जुनसादड्याच्या झाडाची साल पाहिली असेल तर सांगायला नको. म्हणजे घरात जे करू नकोस म्हणून आपण पोरांना दटावतो, त्या शब्दाचा मूळ अर्थ गोष्टीवर उजेड पाडणे असा आहे. योहानच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की पवित्र आत्मा येऊन जगाला त्याचे पाप दाखवून देईल. जुन्या लॅटिन बायबलात तेथे हेच क्रियापद आहे. पवित्र आत्मा जगाशी आर्ग्यू करणार आहे!

येथे आम्ही स्वतःलाच थोडे थांबवले. शब्दांच्या कुळ्या काढण्यात एक मोह असतो. शब्द जन्माला आला तेव्हाचा अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे मानून माणूस त्यावर उपदेशाचे मनोरे रचतो. तर्कशास्त्राच्या वर्गात आमचे प्राध्यापक या चुकीबद्दल आमचे कान पकडत. 'नाईस' या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये 'अडाणी, काही न जाणणारा' असे आहे. म्हणून कुणी आपल्याला नाईस म्हटले तर रागवायचे काय? नाही. शब्दाचा जन्मदाखला म्हणजे त्याचे चारित्र्य नव्हे. एवढे मात्र खरे की जुने अर्थ पाहिले की आपण कोणकोणत्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो ते ध्यानात येते. मराठीत आपण सरसकट 'वाद नको' म्हणतो. त्या टोपलीत मारणे आहे, उजेड पाडणे आहे, रडणे आहे, हिशेब मागणेही आहे.

हिशेब हा शब्द आम्ही उगाच लिहिला नाही. आजींच्या 'डिस्प्यूट'मध्ये तोच लपलेला आहे. त्याच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे, त्याचा सर्वांत जुना अर्थ आहे साफ करणे, छाटणे. रोमन शेतकरी द्राक्षवेलीची छाटणी करायचा त्यासाठी तो शब्द वापरी. नाशिककडच्या बागायतदारांना छाटणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तिथे एप्रिलची खरडछाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांवर पुढच्या हंगामाची सारी भिस्त. छाटणीवरून तो शब्द हिशेबावर आला : खात्यातले फालतू काढून आकडा साफ करणे. हिशेबावरून विचारावर आला. कॉम्प्युटर त्यातून आला, हातपाय कापण्याला डॉक्टर 'अँप्युटेशन' म्हणतात तेही त्यातून. आणि डिस्प्यूट म्हणजे मुळात बाबी वेगवेगळ्या करून, एकेक तपासून, हिशेब लावणे. आजींच्या वाडीचा डिस्प्यूट गेली एकोणीस वर्षे कोर्टात आहे आणि तारखांच्या पलीकडे काहीही लागलेले नाही. शब्द तोच राहिला, त्यातली कात्री हरवली.

मध्ययुगात ही कात्री फार धारदार होती. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात 'दिस्पुतात्सिओ' नावाचा रीतसर वाद घातला जाई. एक प्रश्न ठरे, एक जण विरोधाचे मुद्दे मांडी, दुसरा उत्तरे देई आणि शेवटी गुरू निर्णय सांगत. संत थॉमस अक्वायनस यांचा सत्याविषयीचा मोठा ग्रंथ १२५६ ते १२५९ या काळातल्या अशाच वादांतून तयार झाला. त्यांचे 'सुम्मा' कुणी उघडून पाहिले तर गोंधळून जाईल, कारण प्रत्येक प्रश्नाची सुरुवात ते विरोधकाच्या बाजूने करतात. देव आहे का, या प्रश्नावर पहिली वाक्ये देव नाही असे वाटणाऱ्याची आहेत. आणि ती कशीतरी मांडलेली नाहीत. जगात वाईट आहे, मग अनंत चांगला देव कसा असेल, हा आक्षेप त्यांनी जितक्या थोडक्यात आणि जितक्या ताकदीने मांडला आहे, तितका तो मांडणे आजच्या नास्तिकालाही सोपे जाणार नाही.

सेमिनरीत आम्हालाही ही कसरत करावी लागे. नियम असा की उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या तोंडाने पुन्हा मांडायचा, आणि 'होय, मला हेच म्हणायचे आहे' असे तो म्हणाला की मगच पुढे जायचे. एकदा आम्हाला एका सोबत्याचा मुद्दा चार वेळा मांडावा लागला. तो प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणे. चौथ्या वेळी आमच्या ध्यानात आले की आम्ही ज्याला उत्तर देणार होतो ते त्याने म्हटलेलेच नव्हते. त्या दिवशी आम्हाला फार राग आला होता. तेच प्राध्यापक आम्हाला गौतमाचे न्यायसूत्रही शिकवत. त्यात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य कळावे म्हणून बोलणे तो वाद, जिंकायचे म्हणून बोलणे तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडत राहणे ती वितंडा. आपण 'वितंडवाद' हा शब्द वापरतो, पण पहिल्या दोघांतला फरक विसरून गेलो आहोत. शाळेतली डिबेट बहुधा जल्पात मोडेल. ज्याला जी बाजू चिठ्ठीत निघेल ती त्याने जिंकायची.

आता ज्या शब्दाने आम्हाला त्या रात्री झोपू दिले नाही त्याच्याकडे येतो. तो म्हणजे 'क्वॉरल', साधे भांडण. आम्हाला वाटले होते येथे नक्की हाणामारी असणार. पण याच्या मुळाशी लॅटिनमधला 'तक्रार, गाऱ्हाणे' हा शब्द निघाला. क्वॉरल म्हणजे मूळचे गाऱ्हाणे, कुणीतरी ऐकावे म्हणून केलेले.

सुमारे बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. तेथल्या एक बाई एका दुपारी आमच्याकडे आल्या. (त्यांची परवानगी घेऊन हे लिहीत आहोत, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) वडील मृत्युपत्र न करता वारले होते, आई आधीच गेलेली. भावाने हक्कसोडपत्र तयार करून आणले होते आणि बहिणीने सही करावी असे सगळ्या नातेवाइकांचे म्हणणे होते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत अशा वेळी मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा आहे. आपल्याकडे हे पुष्कळांना ठाऊक असते आणि मुलीने सही करायची असते हेही तितकेच ठाऊक असते. बाईंच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी होती. त्यात वडिलांच्या आजारपणातल्या हॉस्पिटलच्या व औषधांच्या पावत्या होत्या. ते पैसे बाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून भरले होते. भाऊ त्याचे नावही काढत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या जवळजवळ पाऊण तास बोलल्या. आवाज चढला, रडल्या, भावाला आणि भावजयीला बरेच काही म्हणाल्या.

आम्ही पिशवी उघडून पाहिली नाही. आम्ही त्यांना सांगितले की भाऊ गमावण्यापेक्षा जमीन गमावलेली बरी, आपण ख्रिस्ती आहोत, वाद वाढवू नका, हे दुःख प्रभूच्या चरणी अर्पण करा. बोलताना आम्हाला आपण शांतीचे काम करत आहोत असे मनापासून वाटत होते. बाईंनी त्या आठवड्यात सही केली. वर्षभराने त्या जागेवर भावाचे नवे घर उभे राहिले आणि त्याला आशीर्वाद द्यायला पवित्र पाणी घेऊन आम्हीच गेलो. बाई मागे उभ्या होत्या, हातात सरबताचा ट्रे.

आम्ही त्यांचे गाऱ्हाणे भांडण म्हणून ऐकले. कोशात हे दोन अर्थ एका ओळीच्या अंतरावर आहेत. आमच्या ऑफिसात त्यांच्यामध्ये एका माणसाचे आयुष्य होते. शांती राखा असे आपण नेहमी कुणाला सांगतो, हेही पाहण्यासारखे आहे. ज्याच्या हातात कागद आहे त्याला कधी सांगत नाही. जो तक्रार घेऊन येतो त्याला सांगतो, कारण आवाज त्याचा चढलेला असतो. ज्याला सगळे मिळाले आहे त्याचा आवाज कशाला चढेल?

'कन्टेन्ड' हा शब्दही पाहावा. वाद घालणे, झुंजणे, दावा करणे हे त्याचे आजचे अर्थ. मूळ अर्थ ताणणे. लॅटिन आणि संस्कृत या येथे सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृतातला 'तन्' धातू तोच, ज्यातून आपला ताण आणि तंतू आले. गंमत अशी की 'अटेन्ड' म्हणजे लक्ष देणे, हजर राहणे, हाही त्याच ताणण्यातून झालेला आहे. एकात माणूस दुसऱ्याविरुद्ध ताणतो, एकात दुसऱ्याकडे. ज्याच्याशी आपण वाद घालतो त्याच्याकडे आपले लक्ष तरी असते. बाईंशी आम्ही वाद घातला असता तरी चालले असते. निदान पिशवी उघडावी लागली असती.

'रायव्हल' हा शब्दही असाच आहे. प्रतिस्पर्धी असणे, बरोबरी करणे यासाठी तो क्रियापद म्हणूनही वापरतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा, म्हणजे शेजारीच. ज्या घरांना एका विहिरीवर दोन पंप आहेत त्यांना यावर जास्त सांगणे नलगे. 'फाईट'बद्दल एवढेच की काही विद्वान त्याचे मूळ लोकर विंचरण्याच्या, उपटण्याच्या शब्दाशी जोडतात. झिंज्या ओढण्याचा प्रकार फार जुना दिसतो.

मग झगडण्याचे शब्द. मराठीत आपण 'संघर्ष' म्हणतो. त्यात घर्षण आहे, एकमेकांवर घासणे. 'चकमक' म्हणतो, आणि चकमक म्हणजे तर ठिणगी पाडणारी गारगोटी. इंग्रजीतला 'स्ट्राइव्ह' आला तो फ्रेंचमधून, आणि आला तेव्हा त्याचाही अर्थ भांडणे हाच होता. आज तो शिकस्त करणे या अर्थाने उरला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अरुंद दाराने आत जाण्याविषयी प्रभूचे शब्द आहेत. मराठीत आपण तेथे प्रयत्न करण्याचे वाचतो आणि प्रयत्न म्हटला की परीक्षेचा अभ्यास डोळ्यांपुढे येतो. पुष्कळ इंग्रजी भाषांतरांत तेथे 'स्ट्राइव्ह' आहे. लॅटिनमध्ये 'कन्टेन्ड'चेच मूळ क्रियापद आहे. आणि मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो 'आगोन' यातून आला आहे. आगोन म्हणजे जमाव, खेळांचा आखाडा, तेथली झुंज. त्याच शब्दाचे भावंड लूकने पुढे बाविसाव्या अध्यायात पुन्हा एकदा वापरले आहे, जैतुनाच्या डोंगरावर रात्री प्रार्थना करणाऱ्या प्रभूसाठी. तेथूनच इंग्रजीत 'अ‍ॅगनी' आला, आणि चौदाव्या शतकात आला तेव्हा तो मुख्यतः प्रभूच्या त्या रात्रीच्या मनोवेदनेसाठीच वापरला जाई. आपण अ‍ॅगनी म्हणजे नुसते सोसणे समजतो. शब्द म्हणतो आहे की ती झुंज होती. प्रभूने त्या रात्री पित्याजवळ आपले म्हणणे मांडले, हा प्याला नको असे स्पष्ट सांगितले, आणि मग तो घेतला. 'दुःख अर्पण करा' असे आम्ही बाईंना म्हणालो तेव्हा आधीचा भाग आम्ही त्यांना करूच दिला नव्हता.

'रेसल', म्हणजे कुस्ती करणे, हा शब्द अस्सल इंग्रजी आहे. त्यात पिळणे, पिरगळणे आहे. मनगटाला 'रिस्ट' म्हणतात तेही त्याच कुळातले, कारण ते वळते. याकोब यब्बोक नदीकाठी रात्रभर कुणाशी तरी कुस्ती खेळला, ही उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा आपल्याला ठाऊक आहे. जांघेचा सांधा निखळला तरी तो सोडीना. त्याला आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले, आणि देवाशी झगडण्याचा अर्थ असलेले ते नाव पुढे साऱ्या प्रजेचे झाले. आपण हे विसरतो की दुसऱ्याच दिवशी त्याची भावाशी गाठ पडायची होती, आणि त्या भावाच्या हक्काचे त्याने काही घेतलेले होते. लंगडत का होईना, तो सामोरा गेला.

आणि 'स्ट्रगल'? सगळ्यांत जास्त वापरला जाणारा हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागतो आणि त्याचे आईबाप कोण ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. कोशात चार ओळी आहेत, त्यांत तीन अंदाज. आम्ही पान उलटले.

झोपण्यापूर्वी आणखी एक शब्द पाहिला, तो इंग्रजीत 'पॅरॉक्सिझम' म्हणून दवाखान्यात भेटतो : खोकल्याची किंवा रागाची उबळ. तो ग्रीकमधून आला. मुळात धार लावणे, डिवचणे. प्रेषितांच्या कृत्यांत पंधराव्या अध्यायात संत पौल आणि बर्णबा यांचे योहान मार्कवरून कडाक्याचे बिनसले, तेथे हा शब्द आहे. दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला, पौलाने सिलासला बरोबर घेतले. आणि इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात, एकमेकांना प्रेमासाठी व सत्कृत्यांसाठी उद्युक्त करावे असे लिहिले आहे, तेथेही नेमका हाच शब्द आहे. नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. पौल आणि बर्णबा यांच्यापैकी बरोबर कोण होता ते लूकने सांगितलेले नाही. पुढे तिमथ्याला पाठवलेल्या दुसऱ्या पत्रात पौल मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे, असे लिहितो; म्हणजे छाटणी कुठेतरी पूर्ण झाली असावी.

त्या मुलीला आम्ही पुढच्या रविवारी मिस्सानंतर गाठले आणि म्हटले, मम्मीला सांग, आर्ग्यू करायला फादरांची परवानगी आहे, पण आधी मम्मीचा मुद्दा तू स्वतः बोलून दाखवायचा, ती 'होय' म्हणेपर्यंत. तिने तोंड वाकडे केले. म्हणाली, "मग तर मी हरणारच." आम्ही म्हटले, कदाचित. डिबेटमध्ये तिला दुसरे बक्षीस मिळाले. घरचे काय झाले ते आईने अजून सांगितलेले नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात जाऊन बाईंना भेटलो. बारा वर्षांत केस पांढरे झाले आहेत. आमचे चुकले, असे आम्ही सांगितले. पुष्कळ तयारी केली होती, पण त्या दोन शब्दांपलीकडे काही बोलता आले नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मी तेव्हा भांडत नव्हते फादर, सांगत होते." मग विचारले, "हे माझ्या भावाला सांगाल?"

सही केलेले हक्कसोडपत्र बारा वर्षांनी आमच्या सांगण्याने रद्द होणार नाही, हे आम्हाला कळते आणि त्यांनाही कळते. भाऊ तेथल्या चर्चच्या कामात पुढे असतात, आमच्याशी फार आदराने वागतात, नाताळला न चुकता फोन करतात. त्यांच्यासमोर बसून हे बोलणे आम्हाला जड जाणार आहे. हे पत्रक रविवारी तुमच्या हाती येईल, त्याआधी शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत. आमच्यासाठी प्रार्थना करा असे म्हणायला उशीर झालेला असेल. त्या भावाबहिणींसाठी करा.

निघण्यापूर्वी बाईंनी कपाटातून ती पिशवी काढली. मेडिकलवाल्यांच्या पावत्यांवरची शाई उडून कागद कोरे पांढरे झाले आहेत. हॉस्पिटलच्या पावत्या हाताने लिहिलेल्या होत्या, त्या वाचता येतात. आम्ही जमिनीवर बसलो, त्यांनी एकेक वाचून दाखवली आणि आम्ही वहीत लिहून घेतली. सात झाल्या.

तुमचे धर्मगुरू